नवरी साइडकारमधूनच जाईल

३ मे
रालित्साचं लग्न सात जूनला. मी जाहीर केलं: माझी मुलगी चर्चला माझ्या मोटरसायकलच्या साइडकारमध्ये बसून जाईल. माझ्या वडिलांनी माझ्या आईला याच गाडीवरून आणलं होतं. बायको, स्तान्का, म्हणाली, "टॅक्सी सांगून ठेवते." हिला कशाचंच काही वाटत नाही. गाडी बारा वर्षं शेडमध्ये पडून आहे, पण पाच आठवडे भरपूर झाले. रालित्सा "बरं बाबा" एवढंच म्हणाली. भरून आलं असणार.

५ मे
टाकीला लाल रंग दिला. दोन हात, झाकणासकट. आरशासारखी झाली आहे. अवघड काम संपलं, आता फक्त इंजिन.

९ मे, सकाळी १०
पेटली! एकतिसाव्या किकला. स्तान्काला हाक मारली. ती आली नाही.

त्याच दिवशी, ११.३०
बंद पडली. बरोबर बारा मिनिटं चालली, खोकली आणि मेली. पंधरा मिनिटं थांबलो, परत पेटली. बारा मिनिटांनी परत मेली. निदान झालेलं आहे: कार्बोरेटर. दोन सिलेंडर म्हणजे दोन कार्बोरेटर, म्हणजे दोन शत्रू. दोघांनाही सोडणार नाही.

(स्तान्काचा भाऊ स्पास याचं गॅरेज आहे. त्याला विचारायचं नाही. अकरा वर्षांपूर्वी त्याने माझ्या कारच्या बॉनेटमध्ये डोकं घालून चारचौघांत विचारलं होतं, "दाजी, यात ऑइल शेवटचं कधी घातलंत? लग्नात?" लोक अजून हसतात. तेव्हापासून आमच्यात फक्त 'मीठ द्या' एवढंच बोलणं.)

१३ मे
दोन्ही कार्बोरेटर खोलले. आतले बारीक भोकांचे जेट व्हिनेगरमध्ये उकळले. पातेलं स्तान्काचं जॅमचं निघालं. यावरून एवढं बोलायची गरज नव्हती. जेट आता चकचकीत आहेत. पातेलं नाही.

१४ मे
जोडले. एक स्प्रिंग उरली. जुन्या गाड्यांत कंपन्या उगाच जास्तीचे पार्ट घालत.

१५ मे
स्प्रिंग जास्तीची नव्हती.

१८ मे
चौदा वेळा फिरून आलो. प्रत्येक वेळी बारा मिनिटं. म्हणजे दोष पेट्रोलात. काचेच्या बरणीत पेट्रोल भरून पंपावर नेलं. तळाला पाणी स्पष्ट दिसत होतं. तिथल्या मुलीला सगळ्या गिऱ्हाइकांसमोर सुनावलं. तिने बरणी हुंगली आणि म्हणाली, "काका, बरणी नीट वाळवली होतीत का? काकडीच्या लोणच्याचा वास येतोय." मी तिच्याशी वाद घातला नाही. त्या पंपावर पुन्हा पाऊल ठेवणार नाही. आता गावात मला एकच पंप उरला, तो स्पासच्या गॅरेजसमोर.

२४ मे
सुट्टी. स्तान्काने स्पासला जेवायला बोलावलं, मला न विचारता. चीज भरून भाजलेल्या बानित्साचे चार तुकडे खाल्ले त्याने. मोजले मी. मग शेडकडे बघत म्हणाला, "दाजी, बारा मिनिटांनी बंद पडते ना? तेव्हा टाकीचं झाकण उघडून बघा. झाकणाला बारीक भोक असतं, ते रंगाने बुजलं असेल. आत हवा गेली नाही तर पेट्रोल खाली उतरणार कसं?"

मी हसलो. मुद्दाम मोठ्याने. आजार कार्बोरेटरला आणि हा टोपी काढायला सांगतो! रंग चांगला लागलाय हेच त्याला खुपतंय. "खरवडून बघा," म्हणे. माझे दोन हात! म्हटलं, "तुझ्या गॅरेजात भंगार कमी आहे का? ते खरवड." स्तान्काने टेबलाखालून लाथ मारली. मला, स्वतःच्या नवऱ्याला.

रालित्सा म्हणाली, "बाबा, एकदा उघडून बघायला काय जातं?" तिलाही फितवलंय.

२५ मे
शेडला कुलूप लावलं. इतक्या अचूकपणे बारा मिनिटं त्याला माहीत कशी? (स्तान्का म्हणते, सगळ्या गावाला माहीत आहे.)

३० मे
आज चौकात बंद पडली. कॅफेत बसलेला गांचो पोस्टमन घड्याळ बघून ओरडला, "बारा! मी जिंकलो!" पैजा लावतात नालायक. साइडकारसकट गाडी घरापर्यंत ढकलली. एकही जण उठला नाही. स्पास गॅरेजच्या दारातून निघाला होता, त्याला हातानेच थांबवलं.

३१ मे
सुचलं! चर्च नऊ किलोमीटरवर. ताशी पन्नासने गेलो तर अकरा मिनिटं लागतात. म्हणजे रोग बरा करायची गरजच नाही, रोगाच्या आधी पोचायचं. हे स्पासच्या सात पिढ्यांना सुचलं नसतं.

४ जून
स्तान्काने टॅक्सी सांगितली. मी फोन करून रद्द केली. तिने परत सांगितली. मी परत रद्द केली. टॅक्सीवाला म्हणाला, आता तुमच्या गल्लीतच येणार नाही. विजय.

७ जून, रात्री
सविस्तर लिहायची इच्छा नाही.

१०.४० ला निघालो. पहिली दोन मिनिटं ताशी पन्नास. रालित्साच्या डोक्यावरची जाळीदार ओढणी उडाली, ती किंचाळली, "बाबा, हळू!" वेग कमी करावा लागला. पुढे गुलाब तोडून परतणाऱ्या बायकांची गाडी आडवी आली. त्यांनी नवरी बघितली आणि गाणंच सुरू केलं. मी हॉर्न वाजवला, त्यांना वाटलं मी ताल धरतोय. साडेतीन मिनिटं गेली.

चर्च चार किलोमीटर राहिलं असताना खोकली आणि मेली.

घाबरलो नाही. पाना काढला, डावा कार्बोरेटर खोलला. पेट्रोल सांडलं. थोडं रस्त्यावर, बाकीचं रालित्साच्या ड्रेसवर. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने मामाला फोन केला.

स्पास व्हॅन घेऊन आला, सुटाबुटात. कोट काढला, कार्बोरेटर चार मिनिटांत बसवला आणि टाकीचं झाकण फिरवलं. 'हुस्स' झालं. स्पष्ट ऐकू आलं. मला ट्रकचा आवाज वाटला, पण रस्त्यावर ट्रक नव्हता. झाकण त्याने सैल ठेवलं, एक किक मारली. पेटली.

मी हँडलकडे गेलो तर रालित्सा म्हणाली, "मामा, तू चालव."

मी म्हणालो, "मी मागे बसतो."

"बाबा, तू मागे बसून बोलशील. तू व्हॅन घेऊन ये."

स्पास म्हणाला, "दाजींना बसू दे गं मागे." मला त्याची दया नको होती. म्हटलं, "जा तुम्ही, मी तुमच्या आधी पोचतो."

व्हॅन पेटेना. वीस वेळा चावी फिरवली. याच्या गाड्या याच्यासारख्याच आडमुठ्या. (क्लच दाबल्याशिवाय ती पेटत नाही, हे रात्री कळलं. असं कोण करतं?) चालत निघालो. नव्या बुटांत चार किलोमीटर.

चर्चला पोचलो तेव्हा लग्न लावताना नवरा-नवरीच्या डोक्यावर ठेवतात ते मुकुट उतरवून झाले होते. मुलीला हात धरून आत नेलं होतं स्पासने. लोक बाहेर पडत होते. कोणीतरी माझ्या हातात वाइनचा ग्लास दिला आणि विचारलं, "तुम्ही मुलाकडचे का?"

रालित्सा आली. माझे हात हातात घेतले, उलटेपालटे करून बघितले. वाटलं, आता रडणार. म्हणाली, "काळे आहेत रे बाबा. फोटोत मागे उभा राहा."

८ जून
फोटो आले. पहिल्या रांगेत स्पास, रालित्साच्या शेजारी. मी शेवटच्या रांगेत आहे. एक कान आणि थोडे केस दिसतात. स्तान्काला म्हणालो, उंच माणसांना मागेच उभं करतात.

ती म्हणाली, "दोब्री, तू उंच नाहीस."