मुक्या किड्याची नोंद

३ सप्टेंबर
बाल्कनीतल्या वेलीवर हिरवा नाकतोडा. मिशा अंगाहून लांब. पुस्तक म्हणतं, हा झुडपातला रातकिडा. दोन जाती दिसायला जुळ्या. इथली गाते, दूर दक्षिणेतली मुकी. संध्याकाळभर कान लावून बसलो. चकार शब्द नाही. म्हणजे दक्षिणेतलीच. या भागातली पहिली नोंद, माझ्या नावावर. पियानोचे सूर जुळवण्यात आयुष्य गेलं; या कानांवर कोण शंका घेणार?

५ सप्टेंबर
म्युझियममध्ये कीटकांचा संग्रह सांभाळणाऱ्या बाईंना मेल केला. आता स्वस्थ बसायचं. इनबॉक्स सारखा बघायचा नाही. बघितला.
ही विचारते, घरात हे काय किरकिरतंय. म्हटलं, फ्रीज. मेकॅनिक आला. म्हणाला, फ्रीज ठणठणीत आहे काका, बाल्कनीत बघा. हल्ली कुणाला काम नको असतं.

८ सप्टेंबर
संगीतशाळेच्या मुख्याध्यापिकांचा फोन. मी जुळवलेल्या पियानोच्या वरच्या पट्ट्या बेसूर लागतात म्हणे. आता दुसऱ्या कुणाला बोलावू का, असं फार गोड शब्दांत विचारलं. पोरं पट्ट्या बडवणार, दोष माझा. नोंद छापून आली की गप्प बसतील. सोळा तारखेला येतो म्हटलं.
मुलगी उशीखाली डोकं घालून झोपते. म्हणते, बाबा, तुमच्या मुक्याला जरा गप्प करा. चेष्टेखोरपणा आईकडून आलाय.

११ सप्टेंबर
बाईंचं उत्तर. आवाजाचं रेकॉर्डिंग हवंय. मुक्याचं रेकॉर्डिंग! तरी फोन वेलीखाली ठेवला, शांतता टेप केली, पुरावा म्हणून पाठवली.

१२ सप्टेंबर, दुपार
उत्तर नाही. नखं खाणं बंद करायचं. सोमवारपासून.

१२ सप्टेंबर, संध्याकाळ
नाही.

१४ सप्टेंबर
आलं. बाई लिहितात, नर आहे, इथलीच जात, कुठल्याही कुंपणात सापडते. पण इतकं खणखणीत गाणं क्वचित मिळतं, संग्रहात ठेवू का?
रेकॉर्डिंग लावलं. फोन कानाशी धरला. काही नाही. आवाज पूर्ण वाढवला. हिने स्वयंपाकघरातून सांगितलं की आता बंद करा ते, डोकं उठलंय.
फोन खराब झालाय.

१६ सप्टेंबर
शाळेत गेलो. पियानोची सगळ्यात वरची पट्टी दाबली. नुसती लाकडाची टकटक. तार तुटली असणार म्हणून झाकण उघडलं. तार शाबूत. तारेवर बोट टेकवून पुन्हा पट्टी दाबली. तारेची थरथर बोटाला जाणवली.
झाकण लावलं.
हिने कानाच्या डॉक्टरांची उद्याची वेळ घेतलीय. म्हटलं, येतो मी, तुला सोबत म्हणून.
ती बरं म्हणाली.