सव्वादोन किलो शिसं

ती. ताईस,

धाकट्या भावाचा लांबूनच नमस्कार (जवळून केला असता तर माझा कान तुझ्या हातात सापडला असता). गुडघा कसा आहे? बदलीच्या ऑफिसात जिने फार आहेत म्हणालीस, तर तू चढू नकोस, हाताखालच्यांना खाली बोलाव. साहेब झालीस ती कशासाठी? मी ठणठणीत. तू हुकूम सोडलास म्हणून तुझे यजमान आणि लेक यांचा तो गाड्यांचा तमाशा रविवारी बघून आलो. पुढच्या वर्षी पोरीला वरच्या गटात जायला आईची सही लागते, आणि भावोजींनी सहामाहीच्या पेपराला शाळेत 'ताप' कळवून तिला ट्रॅकवर नेलं तेव्हापासून तू बजावलंयस की आणखी एक लबाडी दिसली तर सही विसरा. तेव्हा पाहिलं ते सगळं लिहितो, काही राखून ठेवत नाही.

पहिलं म्हणजे त्या 'गो-कार्ट' नावाच्या वस्तूला गाडी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पाइपांचा सांगाडा, चार बुटकी चाकं, बूड जमिनीपासून चार बोटांवर, आणि मागे एक बोंबलणारं इंजिन (चोवीस वर्षं शिलाई मशिनं दुरुस्त करतोय, इतका बेसूर आवाज एकाही मशिनाचा ऐकला नाही). यात लेकरांना बसवून गोल गोल फिरवायचं, आणि बापांनी गळ्यात स्टॉपवॉच अडकवून असं उभं राहायचं, की जगाला वेळ जणू हेच वाटून देतात! एकानं मला विचारलं, तुमचं कोण? म्हटलं, भाची. टायमिंग काय तिचं? म्हटलं, सकाळी जरा उशिराच उठते. स्टॉपवॉच सावरत पलीकडच्या बापाशेजारी जाऊन उभा राहिला.

आता तुझ्या लेकीची, आपल्या भिंगरीची प्रगती. तीन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी वाढदिवसाला भाड्याच्या गाडीत बसली आणि शिट्ट्या मारल्या तरी उतरेना, तेव्हाच काय तो चाप लावायचा होता. पहिल्या शर्यतीत शेवटून दुसरी आली, तीही एक मुलगा रडत मध्येच उतरला म्हणून. मग चौदावी, नववी, चौथी, आणि यंदा दोन कप. कप तुझ्या फ्रीजवर आहेत. नवे टायर तुझ्या पलंगाखाली आहेत, तुझीच दुलई पांघरून. भावोजी स्वतः चादरीवर झोपतात आणि शिंकतात.

बरं, भावोजींची अक्कल बघ. हलकं ते पळतं, असं कुठेतरी ऐकलंय म्हणून सकाळपासून पोरीच्या खाण्यावर पहारा. मी दिलेलं केळंसुद्धा अर्धं मोडून घेतलं आणि स्वतः खाल्लं! आणि मग हाच गृहस्थ तिच्या सीटमागे शिशाची पट्टी बोल्टांनी आवळतो. का, तर गाडी आणि पोर मिळून एकशे पंधरा किलो भरलंच पाहिजे, असा नियम (हा मला नंतर कळला). म्हणजे पोरीच्या पोटातून काढायचं आणि सीटला बांधायचं. काय म्हणावं या माणसाला?

शेवटच्या शर्यतीत ती सातव्या जागेवरून सुटली. ताई, खोटं कशाला बोलू, तिसऱ्या वळणावर तिनं दोघांना आतून असं काही मागे टाकलं की मी उभा राहून ओरडलो, आणि माझी टोपी पुढच्या बाईंच्या चहात पडली. पहिली आली! मग गाडीसकट काट्यावर नेलं, तर वजन सव्वादोन किलो कमी. सीटमागची पट्टी गायब! निकाल रद्द, कप दुसऱ्याला. भावोजी आ वासून काट्याकडे बघत राहिले, आणि बाकीचे बाप मोठ्यानं म्हणाले, मुद्दाम काढली असणार. अधिकारी बाईंनी भिंगरीला विचारलं, तर हेल्मेट न काढताच म्हणाली, माहीत नाही. आता असल्या बापाच्या हाती पोर सोपवायची का, ते तूच ठरव. मी काही बोलत नाही.

तुझा आज्ञाधारक भाऊ

ता. क. ती शर्यत शून्य धरली तरी वर्षाच्या गुणांत भिंगरी तिसरी आहे, आणि पहिल्या तिघांना वर घेतात. अर्ज सोबत जोडलाय. शुक्रवारच्या आत पोचला पाहिजे.

आणखी ता. क. पट्टी मी काढली. भावोजी हात धुवायला गेले होते. मला वाटलं, हे त्यांचंच काहीतरी खूळ, उगाच पोरीला मागे ओढतंय. पाना खिशात असतोच. काट्यावर बाईंनी नियम सांगितला तेव्हा पट्टी माझ्या कोटात होती. लोक भावोजींना लबाड म्हणत होते आणि मी शेजारी उभा राहून च्च च्च करत होतो. लाज वाटते गं. त्यांना अजून सांगितलेलं नाही, उद्या सांगतो.

शेवटचं ता. क. भिंगरीनं मला पट्टी काढताना पाहिलं होतं. परत येताना हळूच एवढंच म्हणाली, "मामा, आईला लिहिशील तेव्हा बाबांवर ढकलू नकोस." मी ढकललं. तेव्हा वरची पानं फाडून टाक, आणि सही कर.