डाळिंबी तार, राणी तार

तीर्थस्वरूप दाजींच्या सेवेशी, धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार.

तुमची कंबर आता कशी आहे? दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून बघायचं म्हणजे ती धरणारच. ताईचा खोकला थांबला असेल. (नसला तर तिला फार बोलू देऊ नका, पण हे मी म्हटलं असं तिला सांगू नका.) इकडे सगळं ठीक. माझं लाकडावर कोरायचं मशीनही ठीक. ठीक म्हणजे काय, ते खाली लिहितो.

सोमवारी तुमचा नवा दवाखाना उघडणार आणि दारावर माझ्या मशीनवर कोरलेली पाटी लागणार, हा शब्द मीच दिला होता. तुम्ही पहिल्या दवाखान्यातल्या टेबलाची सागवानी फळी पाठवलीत आणि तशी दुसरी मिळणार नाही हेही बजावलंत. म्हणून आधी साध्या लाकडावर कोरून पाहिलं, तर तुमचं नाव एकीकडे आणि त्याची शिरोरेघ चार बोटं पलीकडे. टोपी उडालेल्या माणसासारखं दिसत होतं. दोष ड्रायव्हरांचा. ड्रायव्हर म्हणजे मोटारीने किती पावलं टाकायची ते सांगणाऱ्या, काड्यापेटीएवढ्या पेट्या. माझ्या म्हाताऱ्या झाल्या होत्या, तापल्या की पावलं खायच्या. (तिन्ही जुने ड्रायव्हर काढून टाकतोय, असं मी जिन्यात कुणाला तरी बोललो, तर संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे निवृत्त हवालदार भाच्याचं लायसन्स घेऊन हजर. आमच्याकडे तीन गाड्या असून आपल्याला पत्ता नाही, याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं.)

नवे आणले. दुकानदार म्हणाला, इतके शांत आहेत की मशीन चालतंय का ते डोळ्यांनी बघावं लागेल. इथेच मी सावध व्हायला हवं होतं. माझा सगळा संसार कानांवर उभा आहे. लेथवर उमेदवारी केली तीही कानांनी; बेअरिंग जायच्या आठ दिवस आधी मला ऐकू येतं. जुन्या मोटारी डावीकडे जाताना रडायच्या आणि उजवीकडे जाताना कुरकुरायच्या, त्यामुळे मी पाठ फिरवून चहा पीत काम करत असे. आता सगळं मुकं. त्यात तारांचा घोळ. कुठली तार कुठे होती ते कळावं म्हणून काढताना मी त्यांना हिच्या नखांचा रंग लावून ठेवला होता. दोन बाटल्या, दोन्ही लाल. ही तेव्हाच म्हणाली होती, "एक डाळिंबी आहे, एक राणी. दिसत नाही का?" मला लालच दिसलं. मी लालला लाल जोडून मोकळा झालो.

मग कोरणी बंद ठेवून मशीन नुसतंच हवेत फिरवलं. आवाज शून्य. आता आमच्या घरातला एक जुना नियम तुम्हाला ठाऊक नसेल : मशीन हलतंय म्हणजे नवरा बहिरा. स्वयंपाकघराच्या दाराला काच आहे. हिने काचेतून मशीन हलताना पाहिलं, ताईला फोन लावला आणि बारा वर्षांच्या सवयीने मोठ्याने बोलायला लागली. मी मशीनकडे पाठ करून अगदी एकाग्र चित्ताने ऐकलं. "बरं झालं वन्सं, दुकानातून पाटी करून घेतलीत. यांच्याच्याने काही व्हायचं नाही. फक्त यांना कळू देऊ नका, जेवणार नाहीत."

दाजी, रागाच्या भरात माणूस काम नीट करतो असा माझा समज होता. मी तुमची फळी चढवली आणि एका बैठकीत पाटी पुरी केली. शिरोरेघ सरळ, कडा गुळगुळीत, वेलांट्या तर बघत राहाव्यात. सोबत पाठवतो आहे. ताईला नमस्कार.

तुमचा,
मेहुणा

ता. क. : पाटी उलटी आहे. डाळिंबी आणि राणीची अदलाबदल झाली की मोटार डावीऐवजी उजवीकडे चालते आणि नाव आरशातल्यासारखं उमटतं. तुमच्याकडे चूळ भरायच्या बेसिनवर आरसा असेलच; त्याच्या समोरच्या भिंतीवर लावा. शिवाय तुम्ही जन्मभर दात आरशातच बघत आलात, तुम्हाला ती सरळच वाटेल.

आणखी एक ता. क. : दारावर दुकानातली पाटी खुशाल लावा. मला कसं कळलं ते विचारू नका. ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते मागणं एकच : आता मशीन हलतानाही मला ऐकू येतं, हे आमच्या घरात कळू देऊ नका. पाच दिवस मी रोज संध्याकाळी ते रिकामंच फिरवतो आहे आणि बारा वर्षांचा अभ्यास भरून काढतो आहे.

(याच्याखालचं अक्षर माझं, म्हणजे यांच्या बायकोचं.) भाऊजी, नमस्कार. पार्सल बांधायला आणि पाकीट चिकटवायला माझ्याकडेच दिलं, म्हणून या चार ओळी. मशीन मुकं झालं हे मला यांच्याआधी कळलं. बारा वर्षं मीही तेच ऐकत आले. त्या दिवशी मी फोन लावलाच नव्हता. दुकानातली पाटी वगैरे काही नाही. सहा आठवडे पाटीचं नुसतं चाललंच होतं, म्हटलं ईर्षेने तरी होईल. काल दुपारी हे बाहेर गेल्यावर तारा मी जोडल्या, डाळिंबीला डाळिंबी आणि राणीला राणी, फळी पालथी घातली आणि मागच्या बाजूवर नाव कोरून घेतलं. सोमवारी तीच बाजू पुढे करा. पाटी लागली की संध्याकाळी फोन करा आणि यांनी फार सुरेख केली असं म्हणा. मी तेच मोठ्याने परत म्हणेन. मशीन चालू असेल.