घरात कुणाला होतं का?

आई, मी काय काम करते हे तुला सांगायचं राहूनच गेलं. तू गेलीस तेव्हा मी अमेरिकेत नुकती आले होते, नोकरी करायची परवानगीच नव्हती, आणि फोनवर मी तुला नुसतं बर्फाचं कौतुक सांगायचे. आता ॲन आर्बरला मानसिक आजारांवरच्या नव्या औषधांच्या चाचण्या चालतात तिथे मी असते. डॉक्टर नाही मी. औषध सुरू व्हायच्या आधी आणि नंतर दर आठवड्याला माणसं माझ्यासमोर येऊन बसतात आणि मी त्यांना ठरलेले प्रश्न विचारते. झोप लागते का, जेवण जातं का, जगणं नकोसं वाटतं का. उत्तराला गुण द्यायचे, आवाज सपाट ठेवायचा, "अरेरे" म्हणायचं नाही. तू म्हणाली असतीस, नसत्या चौकशांचा पगार देतात होय गं? हो, त्याचाच देतात. पहिल्या दिवशीचा एक प्रश्न तर मी इतक्या वेळा विचारलाय की झोपेतही विचारेन: घरात, रक्ताच्या नात्यात, कुणाला असा आजार होता का? खोटं बोलणारा मला लगेच कळतो. तो प्रश्न संपायच्या आत उत्तर देतो.

आपल्या घरी या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं होतं. पित्त. मी अकरा वर्षांची होते तेव्हा तू पावसाळाभर अंथरुणातून उठली नव्हतीस, आणि दिवाळीच्या तोंडावर अशी उठलीस की चार दिवस बसलीच नाहीस. भिंती धुतल्यास, बाबांच्या पगारातून आख्ख्या गल्लीला भांडी वाटलीस, आणि मला शाळेतून मधेच उचलून आणलंस, कारण आपल्याला म्हणे विमानाने काश्मीरला जायचं होतं. मला तो दिवस फार आवडला होता, हे तुला कधी सांगितलं नाही. संध्याकाळी बाबा आणि मामा तुला धरून मिरजेच्या दवाखान्यात घेऊन गेले. तू परत आलीस तेव्हा बाबांनी मला समोर बसवून शिकवलं: कुणी विचारलं तर काय सांगायचं? आईला पित्त झालंय. पुन्हा सांग. आईला पित्त झालंय. पाढे म्हणून घ्यावेत तसं त्यांनी माझ्याकडून घोटून घेतलं.

मग गोळ्या आल्या. बाबा त्या पाकिटातून एकेक सोडवून हिंगाच्या रिकाम्या डबीत भरायचे आणि पाकिटं कामावर जाताना वाटेत टाकायचे. तुझ्या गोळ्यांना कायम हिंगाचा वास यायचा, आणि तू तोंड वाकडं करून म्हणायचीस, वेडसुद्धा फोडणी देऊनच खायचं आपल्याकडे. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायला मिरजेला जायचं आणि गल्लीत सांगायचं की दातांच्या डॉक्टरांकडे जातोय. सगळ्यांना वाटायचं, या बाईच्या दातांचं काही खरं नाही. त्या गोळीचं नाव लिथियम, हे मला पुढे फार वर्षांनी कळलं. मिठासारखाच एक क्षार तो. त्यावर असलेल्या माणसाने मीठपाणी एकदम तोडायचं नसतं, नाहीतर औषध रक्तात साठून विषासारखं भिनतं. म्हणून डॉक्टरांनी तुझे निर्जळी उपास बंद केले होते. हरतालिकेला सगळ्या बायका समोरच्या काकूंकडे जमलेल्या, आणि तू मोरीत जाऊन तांब्याभर पाणी पिऊन आलीस ते त्यांनी बघितलं. नवऱ्याच्या आयुष्यासाठी एक दिवस पाणी सोडवत नाही का गं, असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. तू ओठ पुसत म्हणालीस, "काकू, मी पाणी सोडलं तर मला दवाखान्यात पळवता पळवता त्यांचंच आयुष्य संपेल." बायका हसल्या.

त्यानंतर अकरा-बारा वर्षं तू बरी होतीस. बरी म्हणजे सगळ्यांसारखी. भाजीवालीशी भांडायचीस, गल्लीतल्या पोरांचं गणित घ्यायचीस, माझ्या मार्कांवरून मला टाकून बोलायचीस. फक्त गोळ्यांनी हात थरथरायचे. सुईत दोरा मी ओवून द्यायचे, आणि तू वाढायला आलीस की वाटीवर पळी वाजायची. आता माझ्यासमोर कुणी असे हात घेऊन बसलं तर मी कागदावर "सौम्य कंप" लिहिते आणि पुढे जाते. तेव्हा मला त्याची लाज वाटायची.

माझं स्थळ आलं, अमेरिकेतलं. मुलाची आई, मावशी आणि तो. चहा तू आणलास. कपबश्या अशा वाजल्या की त्या मावशींनी बोलणं थांबवून बघितलं, आणि कप पुढे करताना चहा त्यांच्या पातळावर सांडला. त्या काही वाईट बोलल्या नाहीत. बाबा घाईने म्हणाले, "ॲसिडिटीमुळे अशक्तपणा आहे हो." ती मंडळी गेल्यावर तू कप विसळत होतीस आणि मी मोरीच्या दारात उभी राहून तुला म्हटलं, "माझं मोडलं ना, तर तुझ्या या हातांमुळे मोडेल. निदान लग्नापर्यंत तरी ते स्थिर ठेव." तू वर बघितलं नाहीस. "बरं," म्हणालीस. एवढंच. मी बावीस वर्षांची होते आणि मला वाटलं, चला, एकदाचं सांगून टाकलं.

लग्नात तुझे हात जराही हलले नाहीत. कन्यादानाला तू पाण्याची धार धरलीस ती अशी सरळ की माझ्या मनात आलं, बघा, मनावर घेतलं की जमतं. मी तुला तसं म्हणालेसुद्धा, जेवणाच्या पंगतीजवळ, कानात: "बघ, जमलं ना!" तू हसलीस. दीड महिन्याने मी इथे आले. त्यानंतर तीनच आठवड्यांनी मामाचा फोन आला, हार्टचं काहीतरी झालं म्हणून. हार्ट नव्हतं, तू आपणहून जीव दिला होतास. बाबांनी मला खरं सांगितलं ते वर्षश्राद्धाला, मागच्या अंगणात, आणि सांगताना म्हणाले, "डबी भरलेली सापडली गं. कधीपासून घेत नव्हती, देव जाणे." देवाला विचारायची गरज नव्हती. कधीपासून आणि का, ते मला माहीत होतं. मी म्हणाले, "हो का?" बाबा गेले, मामा गेला. मोरीच्या दारात काय झालं ते आता फक्त मला माहीत आहे.

तुझी नात आता एकवीस वर्षांची आहे. रंग माझा, जीभ तुझी. इथल्याच युनिव्हर्सिटीत शिकते, लॅबमध्ये काम करते, मैत्रिणींबरोबर वेगळी राहते. दोन वर्षांपूर्वी थंडी सुरू होताना ती उठेनाशी झाली. तिचे बाबा म्हणाले, ऊन नाही मिळत तिला, व्हिटॅमिन डी दे. हे सगळ्यावर व्हिटॅमिन डी देतात. मी मात्र अपॉइंटमेंट घेतली, ड्राइव्ह करून तिला घेऊन गेले. डॉक्टर तरुण होती, बर्फाचे बूट घातलेली, छान होती. तिने विचारलं, घरात कुणाला डिप्रेशन, बायपोलर, कुणी आत्महत्या... आणि मी तिचं वाक्य तोडून म्हणाले, "नो, नो. नथिंग लाइक दॅट." मुलगी शेजारी बसली होती. मला कुणी धमकावलं नव्हतं, स्थळ मोडणार नव्हतं. दिवसभर हाच प्रश्न लोकांना विचारणारी मी, आणि बाबांनी घोटून घेतलेलं उत्तर तोंडातून आपसूक बाहेर पडलं. नुसतं डिप्रेशन समजून डॉक्टरने त्याची साधी गोळी दिली. कुणीही तीच दिली असती. तुझी गोष्ट तिला कळली असती तर ती सावध झाली असती, कारण तुझ्यासारख्या आजाराच्या माणसाला ती गोळी एकटी दिली तर तो उलट्या टोकाला, उन्मादाकडे, जाऊ शकतो. हे मी शिकले आहे. त्यावर मी इतरांना माहितीपत्रकं वाटते.

चारपाच आठवड्यांत ती उठली, गाणी म्हणायला लागली, एक दिवस येऊन माझं आख्खं किचन धुऊन काढलं. मी काय केलं असेल? मी खूश झाले. तिला भिंत पुसताना बघत उभी राहिले आणि तरीसुद्धा खूश झाले, माझ्यासारखी मूर्ख मीच. पुढच्या आठवड्यात तिने स्वतःचा लॅपटॉप, कोट, सगळं बसस्टॉपवर वाटून टाकलं आणि भर जानेवारीत अनवाणी चालत निघाली. पोलिसांनी हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथे पुन्हा तोच प्रश्न आला तेव्हा मी म्हणाले, माझ्या आईला थोडंसं होतं. थोडंसं! मुलीने माझ्याकडे बघितलं आणि तिच्या बाबांना विचारलं, "डिड यू नो?" त्यांना तरी कुठे माहीत होतं? इथल्या मराठी मंडळात मी सगळ्यांना सांगितलं की तिला मोनो झालाय, इथल्या कॉलेजातल्या पोरांना होतो तो ताप. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

तिला तुझीच गोळी लागू पडली. रक्त तपासायचं, पाणी प्यायचं, सगळं तेच. मी जिथे काम करते तिथे डोक्याला चुंबक लावतात, जीन्स तपासतात, मेंदूचे रंगीत फोटो काढतात. मोठमोठी माणसं त्यावर भाषणं देतात आणि मी मागच्या खुर्चीत बसून ऐकते. त्याने काही पेशंटना खरंच गुण येतो, नाही असं नाही. पण तुझ्यामाझ्या घरच्या दुखण्याला अजून तोच मिरजेचा क्षार, आणि त्याआधी तोच पहिल्या पानावरचा प्रश्न, ज्याचं खरं उत्तर घरच्या माणसानेच द्यायचं. ते देणारी बाई मी आहे. माझा आता कशावर विश्वास उरलाय विचारशील, आई, तर सांगते. संशोधनावर आहे, माझ्यावर नाही.

गोळीने तिचे हात थरथरायला लागले. लॅबमध्ये थेंबाथेंबाने मोजून काम असतं, ते चुकायला लागलं, कुणीतरी हसलं. तिने गोळी सोडली आणि पुन्हा हॉस्पिटल झालं. आता पुन्हा सुरू आहे आणि ती पुन्हा सोडायचं म्हणते. डॉक्टर म्हणते, डोस बदलून बघू, कंप कमी करायला दुसरं काही देऊन बघू, पण आपल्या मनाने बंद करू नकोस. रविवारी ती वरणभात खायला आली होती. चमचा ताटावर वाजत होता आणि मी तिकडे बघत नव्हते, म्हणजे बघत नाही असं दाखवत होते. ती म्हणाली, "आजी हेच घ्यायची ना? डिड इट वर्क? मग ती गेली कशी?" मी तोंड उघडलं तर म्हणाली, "बोलू नकोस. तू बोललीस की लेक्चर होतं, ऑर यू लाय. लिहून दे. सगळं. गुरुवारी डॉक्टरकडे जायच्या आधी मी वाचेन आणि मग डिसाइड करेन." तिच्या आवाजात राग नव्हता. ते जास्त लागलं.

म्हणून लिहायला बसले. आज बुधवार आहे, जेवणाची सुट्टी, पार्किंगमध्ये गाडीत हीटर लावून बसले आहे. तिला काय लिहायचं ते सरळ आहे. आजीला गुण आला होता, अकरा वर्षं. हात थरथरायचे तरी ती जगत होती, भांडत होती, हसत होती. मग तिच्या मुलीने तिच्या हातांची लाज वाटून घेतली आणि तिने गोळ्या सोडल्या. एवढं वाचलं तर कदाचित ती गोळी घेत राहील, आणि मला कधी क्षमा करणार नाही. किंवा क्षमाही नाही आणि गोळीही नाही. तीनदा इंग्रजीत सुरुवात केली. "युअर ग्रँडमदर" एवढं लिहून तीनदा कागद फाडला. मग तुला लिहायला घेतलं आणि हात थांबलाच नाही, पाच पानं झाली.

सुट्टी संपली, वर जायला हवं. दोन वाजता एक नवीन बाई येणार आहे, पहिला दिवस तिचा. ही पानं उद्या मी मुलीच्या हातात दिली तरी काही होणार नाही. बोललेलं मराठी तिला कळतं, वाचता मात्र येत नाही. तिला अक्षरं शिकवायचं मीच राहू दिलं. लिहिता लिहिता हे विसरले होते, असं तुला सांगणार होते. विसरले नव्हते. पहिल्या ओळीपासून मला माहीत होतं.