मिथुनचा नंबर

सोमवार, ८ सप्टेंबर २०२५, सकाळी ९.४०
ट्रंक खाटेखाली सरकवली, हात धुतले आणि लिहायला बसलो. कांजूरमार्ग पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर, मला स्वतःची खिडकी असलेली खोली मिळाली आहे. वारा कचऱ्याच्या डम्पिंगकडून फिरला की खिडकी लावून घ्यायची, असं रत्नप्रभाकाकूंनी आल्या आल्या सांगितलं. काकू आमच्या कणकवलीकडच्याच. यजमान गिरणीत होते, ते वारले. आता घरात त्या एकट्याच. ही जागा माझा आतेभाऊ राजेशदादा याने पाहून दिली आणि कामही त्यानेच. एका कुरिअरवाल्यांकडे येणाऱ्या तक्रारी घरी बसून, फोनवरच, नीट मराठीत लिहून द्यायच्या. बारावीला मी नापास, पण शुद्धलेखनात शाळेत पहिला होतो. दुपारी बारा ते रात्री आठ, मध्ये सातला चहाची सुट्टी. पहिले पंधरा दिवस नेट वारंवार तुटलं तर काम गेलं, एवढीच अट.

मंगळवार, ९ सप्टेंबर
फोनची रेंज या खोलीत येत नाही. काकूंचं वायफाय आहे, पासवर्डही घेतला, पण फोन ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ इथेच अडकतो. जिन्यात जाऊन राजेशदादाला फोन लावला. त्याने समजावलं की वायफायचा डबा प्रत्येक फोनला एकेक नंबर देतो, सिनेमाच्या खुर्चीसारखा. इथे शेजाऱ्यांनी फुकट नेट ओढू नये म्हणून काकूंच्या मुलाने, मिथुनने, तीनच नंबर ठेवलेत: टीव्ही, काकू आणि तो स्वतः. डब्याचा पासवर्ड त्यालाच ठाऊक. मिथुन बाहेर असतो, असं काकू म्हणाल्या. डबा नव्याने सेट करू का विचारलं, तर एकदम तुटक बोलल्या, त्याला हात लावायचा नाही. दादा हसला. “अरे येड्या, रिकामा नंबर बघ, फोनमध्ये हाताने घाल आणि गप्प बस.” दोन नंबर वापरात निघाले. तिसरा मोकळा होता. घातला. नेट झकास चालतंय.

गुरुवार, ११ सप्टेंबर
चहा पिऊन वर येत होतो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर फोनने वायफाय पकडलं आणि त्याच क्षणी वर घरात घंटा वाजल्यासारखा आवाज झाला. आत गेलो तर तवा तापलेला, तांदळाची भाकरी फुगत होती. काकूंनी माझ्या मागे जिन्यात डोकावून पाहिलं. मग ताट माझ्यापुढे ठेवलं. गावच्यासारखी भाकरी होती. जेवण भाड्यात धरलेलं नाही, तरी खाल्ली.

शनिवार, १३ सप्टेंबर
आज काकूंनी आपणहून सांगितलं. मिथुन कामावरून यायचा तेव्हा जिन्याच्या वळणावर त्याचा फोन त्याच्या नंबरावर जोडला जायचा आणि काकूंच्या फोनवर घंटा वाजायची. ती सोय त्यानेच करून दिली होती. घंटा वाजली की भाकरी तव्यावर टाकायची, तो चपला काढेपर्यंत ताट तयार. दोन वर्षांपूर्वी तो कामावर म्हणून निघाला आणि परत आला नाही. पोलीस झाले, देव झाले. पितृपक्षात भावकी म्हणते, त्याचंही पान वाढ. काकू वाढत नाहीत. बारा वर्षं वाट बघायची असते, म्हणतात.
आणि आता घंटा पुन्हा वाजू लागली आहे. वळणापर्यंत येतो, लाजतो नि मागे फिरतो, असं त्या म्हणाल्या. भाकरी गार होऊ नये म्हणून मला वाढतात.
सांगायला हवं होतं. सांगितलं तर नंबर जाईल, नंबर गेला तर काम जाईल. भाकरी खाल्ली.

मंगळवार, १६ सप्टेंबर
चहाला गेलो नाही. सव्वासात. खाटेवर बसून तक्रार लिहीत होतो, तोच फोनवर आलं, ‘दुसरे यंत्र हाच पत्ता वापरत आहे’. नेट तुटलं. आणि काकूंची घंटा वाजली. मी घरात होतो. माझा फोन माझ्या हातात होता. तवा ठेवल्याचा आवाज आला. जिन्यात जाऊन पाहिलं, वळणावर कुणी नाही.
दादा म्हणाला, एका नंबरावर दोन फोन राहत नाहीत. एक बाहेर फेकला जातो.

गुरुवार, १८ सप्टेंबर
कालही. आजही. कंपनीने ताकीद दिली. काकूंना सगळं सांगून टाकलं आणि त्यांच्यासमोर माझ्या फोनमधून नंबर काढला. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “म्हणून वर येईना तो. त्याच्या जागेवर तू बसलेलास.”
सात वाजले. नंबर माझ्याकडे नाही. तरी घंटा —

शनिवार, २० सप्टेंबर
काम गेलं. दादाला जिन्यातून फोन लावला, तो म्हणतो हा नंबर कुणाचा, कोण बोलतंय. माझ्या नावाने त्याला काही आठवेना. थट्टा करतोय, असं धरून चाललो आहे.
काकूंनी माझं पूर्ण नाव विचारलं. वडिलांचं, आजोबांचं, गावाचं. दोनदा म्हणवून घेतलं. मीच नीट सांगितलं, ऱ्हस्व-दीर्घासकट.

रविवार, २१ सप्टेंबर, सर्वपित्री अमावास्या
स्वयंपाकाचा वास. ज्या काकू पान वाढत नाहीत त्यांनी आज वाढलं. गॅलरीत, केळीच्या पानावर. हात जोडून नाव घेतलं. माझं. वडिलांचं, आजोबांचं, गावाचं. एकही चूक नाही.
मी मागेच उभा होतो. हाक मारली. वळल्या नाहीत.
कावळा आला. लगेच शिवला.

संध्याकाळ. ट्रंक भरली. कुणाचं काही ठेवून जायचं नाही, म्हणून हिशेब —
अनामत दिली १०,०००
भाडे दिले ५,५००
चहा, प्रवास, किरकोळ ६४०
देणे: वीज ३००
देणे: भाकऱ्या, दुसऱ्याच्या नावाने खाल्लेल्या, तीन —
घंटा. तवा चढला. दुसऱ्या मजल्यावर पावलं थांबली — नाही, थांबली नाहीत. काकू दाराकडे — “इलास रे बाबा —”
चपला काढतोय. माझ्या खोलीची कडी आतून लागलेली आहे, तरी
देणे: