डेस्टिट्यूट म्हणजे कोण?

नागपूर, ७ ऑगस्ट १९३८

शालिग्रामदादाले सोजरचा नमस्कार. आशीर्वाद नको.

मी बरी आहो. नर्सच्या शिक्षणात आमाले रोज पाच इंग्रजी शब्द देतात. अर्थ पाठ करून वाक्य बनवा लागते. काल ‘डेस्टिट्यूट’ आला. इथं येण्याच्या माह्या अर्जात तू हाच शब्द लिहिला होता. मी अर्थ विचारला, तं तू म्हणे, “विधवा.” काल शिकवणाऱ्या बाईनं सांगतलं, “ज्याचं जगात कोणीच नाही तो.”

धनजच्या मळ्यात सात वर्सं तुह्यासंगं वांगे तोडले, मंग तू माहा कोण होता?

बाई म्हणे, “वाक्य बनव.” मी म्हणलं, “माहा भाऊ डेस्टिट्यूट आहे. त्याले बहीण नाही.”

मायच्या गुडघ्याले तेल कोण लावते? तिले हे वाचून दाखवू नको. सोजर खुश आहे, एवढंच सांग.

सोजर