मेंढरू बसंल तो तुकडा

बा, आज शाळा सुटल्यावर गायरानाच्या टेकाडावर जरा थांबले आणि तुझ्याशी बोलावंसं वाटलं. तुला जिवंतपणी वाचता येत नव्हतं आणि आता तर तू नाहीसच, म्हणजे हे पत्र दोन्हीकडून वाया. पण मास्तरीण झाल्यापासून कागदावर उतरवल्याशिवाय मला कुठलीच गोष्ट खरी वाटत नाही. खोड आहे, घे सोसून.

तेव्हा जिल्हा फुटायचा होता, आपलं गाव अजून परभणीतच होतं. गावात शाळा सातवीपर्यंतच. पुढचं शिकायचं तर सेनगाव, आणि तिथं जायचं म्हणजे जीपच्या मागं लटकून. पोरं लटकायची. पोरींना घरी बसवायचं, आणि वर्षा-दोन वर्षांत अक्षता टाकून मोकळं व्हायचं. मी त्या साली सातवी पास होऊन जूनपासून घरी बसले होते. हायस्कूल मंजूर झालं होतं, अडलं होतं ते जागेपाशी. गावाकडं एकच मोकळी जागा, गायरान. त्याचे दोन तुकडे: वर मुरमाचं टेकाड, खाली ओढ्याकडची काळी चिकण जमीन. शिक्षण खात्याचे साहेब येऊन सांगून गेले, काळीत भिंत टिकत नाही, टेकाड द्या, नाहीतर शाळा दुसऱ्या गावाला जाईल. आणि पावसाळ्यात, सगळी रानं पेरलेली असताना, आपल्या मेंढरांना कोरडी बसायला तेवढं टेकाडच होतं. खालच्या चिखलात मेंढराची खुरं सडतात, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

त्यावरून पंचायतीपुढं काय रण माजलं, आठवतं ना? सरपंच बाई होत्या, पण बोलायचे त्यांचे मालक. ते म्हणाले, "लेकरानं काय जिंदगीभर मेंढराच्या मागंच फिरावं का?" थोरला काका, तुझा सख्खा भाऊ, तिथंच उसळला. "मंग आमची मेंढरं काय तुमच्या माडीवर चारू? तकलीफ आमाला, शाळा तुमाला! आमच्या पोटावर पाय देऊन कसलं शिक्षण आलं हे?" गुरं सगळ्यांच्याच दारात, गायरान सगळ्यांनाच हवं. हात वर करायला सांगितलं असतं तर शाळा तिथंच बुडाली असती, आणि हायस्कुलासाठी खेटे घालणाऱ्या आपल्या शाळेच्या गुरुजींना ते दिसत होतं. त्यांचा चेहरा पडला होता. तेवढ्यात तू उठलास. तू, बा! देवळात आरतीलासुद्धा तोंड न उघडणारा माणूस.

"आपन काहून भांडून राहिलो?" तू म्हणालास. "मेंढरालाच इचारा. पंधरा ऑगस्टचा झेंडा झाला की कळप सोडतो. दुपारी जिथं बसंल तो तुकडा मेंढराचा, दुसरा शाळेचा. मानसानं मधी बोलायचं न्हाई."

लोक हसले, पण कुणाला ते परकं वाटलं नाही. शेताला खत व्हावं म्हणून कुणी मेंढरं बसवायला बोलावलं, की तुम्ही तेच करायचात. कळप मोकळा सोडायचा, तो आपणहून बसेल तिथंच त्याला रात्रभर ठेवायचं. काका तर मिशीत हसला. मेंढरू कोरड्यातच बसणार, यात कसली शंका! गुरुजी हो म्हणाले ते केवळ दुसरा रस्ता नव्हता म्हणून.

घरी येऊन मी भाकरीचं पीठ परातीत आपटलं. "तुला मेंढरंच लेकरं हाईत. मी कोन हाय तुझी?" माय म्हणाली, "अगं बापाशी बोलून राहिली ना तू?" तू तव्याकडं बघत एवढंच म्हणालास, "ती भाकर करपली बघ." इतका राग आला होता तुझा, की काय सांगू.

झेंड्याच्या सकाळी, उजाडता उजाडता, तू घोंगडीखाली खडेमिठाची पिशवी घेऊन गायरानाकडं निघालास, ते मी दारातून पाहिलं. पावसाळ्यात मेंढरांना मीठ लागतं. तू ते टाकायचास, ती चाटत बसायची, आणि मग तिथून हलायचं नावच घ्यायची नाहीत. मला वाटलं, आता संपलंच सगळं.

दुपारी अख्खं गाव गायरानाच्या कडेला उभं होतं. उघाडी होती, ऊन चटकत होतं. तू कळप सोडलास आणि काठी मानेमागं आडवी धरून, हू की चू न करता उभा राहिलास. मेंढरं चरत चरत निम्म्या टेकाडावर चढली. काका म्हणाला, "झालं!" आणि पुढची म्हातारी मेंढी थबकली, तिनं नाक वर केलं आणि वळली. मागून सगळा कळप. टेकाड उतरून ती सरळ खालच्या काळीत गेली, ओढ्याकाठी, आणि माती चाटायला लागली. चाटता चाटता एक बसली, मग दुसरी, मग सगळी बसली, एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून, त्या ओलीत! सरपंचबाईंनी हात जोडले. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं ते मीठ, तरी माझ्या अंगावर काटा आला, बा, आणि हे लिहिताना आत्ताही आला आहे.

मग काका मेंढरांत शिरला. त्यानं वाकून चिमूटभर माती उचलली आणि जिभेला लावली. तुझ्याकडं बघितलं. मग वळून माझ्याकडं. त्याच्या एका शब्दानं सगळं मोडलं असतं आणि जातभाईंनी तुला वाळीत टाकलं असतं. त्यानं थुंकून तोंड पुसलं आणि गुरुजींना म्हणाला, "बसलं बराबर मेंढरू. लिवून घ्या."

दोन पावसाळ्यांत खुरं सडली. काकानं कळप मोडला आणि वसमतकडं साखर कारखान्यावर राखणीला गेला. तू आणखी एक साल काढलंस, एकेका मेंढराचा पाय मांडीवर घेऊन हळद भरत, आणि मग तूही कळप मोडलास. मी तेव्हा दहावीत होते. एकदा हिंमत करून विचारलं, "बा, काहून केलं असं?" तू म्हणालास, "मेंढरानं केलं. मी कोन?" एवढा मोठा माणूस माझ्या घरात भाकरी खात होता, आणि मला ते कळायला किती वर्षं लागली! आजही या टेकाडावरच्या वर्गात फळ्याकडं वळले की पायाखालची जमीन जाणवते.

हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच, वहीतच राहील. म्हणून एक सांगून टाकते, जे मायलाही कधी सांगितलं नाही. त्या सकाळी तू मीठ घेऊन गेलास, ते टेकाडावर टाकणार, माझी शाळा बुडवणार, असं समजून मी धावत गुरुजींकडं गेले होते. ते झेंड्याची दोरी बांधत होते. मी म्हटलं, "गुरुजी, माझा बा लबाडी करून राहिला." ते वर न बघता म्हणाले, "झेंडा होऊ दे, मग सांग." झेंडा झाला, आणि चार माणसांत बोलायला मला लाज वाटली. मी गप्प राहिले ते तेवढ्यासाठीच, बा. तुझ्यासाठी नाही.